काय अडलंय ते दारात येऊन विचारावं

ती. वन्सं यांना नमस्कार,

तुमचे गुडघे कसे आहेत? नसले बरे तरी तुम्ही "बरे आहेत" असंच कळवणार, म्हणून विचारून मोकळी होते. मी ठीक. तुमची तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत प्रश्न एकच: दादा गेल्यापासून तू एकदाही आली नाहीस, कधी येतेस? येणार होते, पण मध्ये शाळा आली.

समोरच्या शाळेच्या मोठ्या बाईंना गैरहजर मुलांनी घोर लावला आहे. आधी त्यांनी घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या. चिठ्ठ्या पोचल्या, मुलं पोचली नाहीत. मग महिनाभर न चुकता येणाऱ्याला बिल्ला जाहीर केला. त्या आशेने एक पोरगा अंगात ताप घेऊन आला आणि वर्गभर वाटून गेला. (बिल्ला त्यालाच मिळाला. वर्गात दुसरं कोणी उरलंच नव्हतं.) शेवटी बाईंनी मला गाठलं, म्हणाल्या, तुम्ही रिकाम्याच असता, जरा दारोदार जाऊन या. मी वाचत बसते ते त्यांना रिकामपण वाटतं. ह्यांनाही वाटायचं, पण ते दिवा लावून द्यायचे.

पहिलं दार चिमणीचं. "का येत नाहीस" विचारलं की मुलं पोटदुखी सांगतात, म्हणून मी विचारलं, काय अडलंय? आजोबा अडले होते. आई पहाटे लॉन्ड्रीत कामाला गेली की आजोबांवर चिमणीनं लक्ष ठेवायचं, नाहीतर ते उठून मिळेल त्या बसमध्ये चढतात. जन्मभर कंडक्टर होते. मी म्हटलं, जा तू, आजच्या दिवस मी बसते. "आजच्या दिवस" किती लांबतो हे ह्यांच्या आजारपणात शिकले होते, तरी विसरले.

आजोबा तिकिटाशिवाय सोफ्यावर बसू देत नाहीत. वर्तमानपत्राचा तुकडा फाडून हातात ठेवतात (मी वाचत असलेल्या पानाचाच). पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठं उतरणार?" मी म्हटलं, घरी. "ही गाडी तिकडे जात नाही," म्हणाले, "बसा निवांत." बसले. चिमणी रोज शाळेत जाऊ लागली. मोठ्या बाईंनी उपाय विचारला, तर मी सांगितलं, एक म्हातारा सांभाळायला एक म्हातारी लागते. त्यांनी ते अहवालात जरा भारदस्त करून लिहिलं.

गेल्या आठवड्यात मात्र मीच दांडी मारली. ह्यांचा कोट उन्हात टाकायला काढला आणि तो मांडीवर घेऊन दुपारपर्यंत तशीच बसले. दार वाजलं. बाहेर चिमणी, पाठीला दप्तर, एका हातात आजोबा. माझ्यापायी तिचीही शाळा बुडाली होती. म्हणाली, "आजी, काय अडलंय?"

मी आधी चहा टाकला. तोवर आजोबांनी कोट आपलाच समजून अंगात चढवला. अजून परत दिलेला नाही. मीही मागितलेला नाही.

तेव्हा चिमणीची शाळा सोडून येणं काही जमेलसं दिसत नाही. राग मानू नये.

तुमची,
वहिनी

ता. क. शाळेला परवापासून सुट्टी आहे आणि चिमणीची आईही घरी असेल, हे लिहायचं राहिलं.

आणखी एक. तुम्ही हसलात की थेट ह्यांच्यासारख्या दिसता. एवढंच अडलंय. चिठ्ठ्या पाठवून कोणी येत नाही, हे शाळेच्या अनुभवावरून सांगते. गुडघे साथ देत असतील तर एकदा दारात येऊन विचारा. बॅग भरून ठेवली आहे.