एचएलए-जी आणि फाटकावरचे स्टूल

रविवार, ९ मार्च, सकाळचे साडेदहा. ड्यूटी संपवून, हात धुऊन, आधी कच्चे लिहिलेले आता पक्के करतो आहे.

तीर्थरूप सासरेबुवांच्या चरणी जावयाचा (आपण तसे मानत नसल्यास पत्रलेखकाचा) नमस्कार.

आपली व सासूबाईंची प्रकृती उत्तम असावी. आपला उजवा गुडघा आता कसा आहे? (आपण माझ्या लग्नाला आला नाहीत, आपला फोटोही मी पाहिलेला नाही, तरी गुडघ्याचे मला कसे माहीत, ते पुढे येते.)

आपली मुलगी ठीक आहे. म्हणजे सातवा महिना आहे, रक्तदाब वर आहे, पडून राहायला सांगितले आहे आणि ती पडून राहत नाही. याआधी दोनदा काय झाले ते आपल्या कानावर आले असेलच. म्हणून इस्पितळातल्या संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिचे रक्त घेतले. त्यात एचएलए-जी नावाचे काहीतरी किती आहे ते त्या पाहतात. हा नॉन-क्लासिकल असतो म्हणे. (मी विचारले, म्हणजे सुगम संगीत? त्या हसल्या नाहीत.) मी कारखान्याच्या फाटकावर असतो हे कळल्यावर त्यांनी मला सोपे करून सांगितले, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

पेशींवरचे नेहमीचे एचएलए म्हणजे ओळखपत्रे, माणसागणिक वेगळी. परके ओळखपत्र दिसले की शरीराचे पहारेकरी तुटून पडतात. आता बाळ निम्मे बापाचे, म्हणजे आईच्या शरीराला निम्मे परके. ("निम्मंच? बाबा तर पूर्णच म्हणतात," इति आपली मुलगी.) तरी ते नऊ महिने आत राहते. याची कारणे बरीच, पैकी एक असे, की वारेच्या कडेच्या पेशी हा एचएलए-जी पुढे करतात. तो सगळ्यांचा जवळजवळ सारखाच. तो कोण-कुठला ते सांगत नाही, पहारेकऱ्याला एवढेच म्हणतो, की सोड रे, घरचाच आहे. तो कमी पडला तर काहींचे गर्भ टिकत नसावेत, रक्तदाबही चढत असावा. पण नक्की कोणीच सांगत नाही, आणि या तपासणीवरून औषध ठरत नाही. इथवर मला समजले. मग उठता उठता बाई म्हणाल्या, की कॅन्सरच्या काही गाठीही हेच पुढे करतात आणि पहारेकरी त्यांनाही सोडतो. मी दारातच थबकलो. "मग त्याने ओळखायचं कसं, बाई?" त्या म्हणाल्या, "ते कळलं असतं तर मी या खोलीत बसले असते का?"

दुसऱ्या दिवसापासून माझे डोके ठिकाणावर नव्हते. पास दाखवताना खेकसणारा माणूस मला भला वाटू लागला आणि हसून बोलणाऱ्याची धडकी भरू लागली. कँटीनवाला रोज "काय लेका, बरा आहेस ना?" म्हणत आत जातो, त्याला मी सगळे डबे उघडायला लावले. मुकादम म्हणाले, "डोक्यावर पडलास का रे?" मी म्हणालो, तपास चालू आहे.

गुरुवारी दुपारी एक वयस्क गृहस्थ उजवा गुडघा धरत फाटकाशी आले. हातात कापडी पिशवी, पास नाही. गोड हसून म्हणाले, "सोड रे बाबा, घरचाच आहे मी."

सासरेबुवा, अक्षरशः तेच! मी त्यांना स्टुलावर बसवले आणि विचारले, कोणाच्या घरचे? नाव काही सांगेनात. (माझे नाव उच्चारणे आपल्या जिवावर आले असणार, हे आता कळते.) मी म्हणालो, "हसू नका." ते म्हणाले, "आता कुठे हसतोय?" तासाभराने ते उठले, "दगड आहेस नुसता," म्हणाले आणि गेले. पिशवी राहिली. नियमाप्रमाणे मुकादमांसमोर उघडली, तर दोन लोकरी टोपडी आणि मोजे. फाटकाच्या आतच आमची खोली आहे, तिथे नेऊन दाखवली. आपल्या मुलीने टोपडे हातात घेतले आणि म्हणाली, "हा तर आईचा टाका. कोणी आणलं?"

मी म्हणालो, "एक संशयित."

तेव्हापासून ती माझ्याशी रक्तदाबाचा आकडा सांगण्यापुरतीच बोलते. आजचा कालच्यापेक्षा वर आहे.

आपला, आपण म्हणाल तो.

ता. क. वरील शास्त्रीय माहिती नीट न समजल्यास सोडून द्यावी, मलाही समजलेली नाही. लिहिण्याचे कारण वेगळे आहे. काल ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा फाटकापर्यंत आले होते." एवढेच. आपण दोघांनी यावे. लवकर यावे.

दुसरा ता. क. आपल्याला माझे तोंड दिसू नये म्हणून आपण याल त्या दिवशी रजा टाकणार होतो. पण बदलीचा माणूस मीच तयार केलेला आहे, तो सख्ख्या आईलाही सोडत नाही. तेव्हा मीच असेन.

तिसरा ता. क. सोबत दोन पास आहेत, सही-शिक्क्यासह. 'नाते' हा रकाना कोरा ठेवला आहे. तो आपण आपल्या हाताने भरावा. पेन्सिल चालत नाही.