काठावर थांबलो, बाबा

दि. १९ जानेवारी २०२६
गॅस कॅम्प, झारखंड

आदरणीय बाबा,
सप्रेम जय भीम.

मी हवा भराचं काम करत नाई, हे किती वेळा सांगू तुमाले? मालेगावच्या बसस्टँडवर तुमी लोकाइले सांगता का आमचा पोट्टा झारखंडात जमिनीत हवा भरून राह्यला. लोक हसतात. तुमच्या लाडक्या लेकीनं, स्नेहानंच सांगितलं मले. मी फोन केला का तुमी तो तिच्या हातात देऊन गोठ्याकडे निघून जाता. मंग सांगू कधी? म्हणून लिहून राह्यलो. आठवी नापासाच्या अक्षरात जेवढं जमन तेवढं.

कारखान्याच्या धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघते, तो अथी पकडून आणतात. अन् जिथं खाणवाले कधी पोचणार नाई, इतक्या खोल कोळशाच्या थरात दाबून भरतात. कापूस पाणी धरते तसा कोळसा तो गॅस धरून ठेवते. भरणारे दुसरे आहेत. माझं काम राखणीचं. गॅस वर तर येऊन नाई राह्यला, हे पाहाचं. जागोजागी जमिनीत नळ्या गाडल्या आहेत, त्याइले मीटर लावाचं, आजूबाजूच्या गावातल्या हँडपंपाचं पाणी बाटलीत भराचं, आकडा लिहाचा. रोज जवळपास तोच आकडा. पोट्ट्याच्या पायाले भिंगरी आहे म्हणता ना तुमी, पुण्याले टिकला नाई, सुरतेले टिकला नाई? अथी टिकलो. काहीच झालं नाई म्हणजे काम बरोबर झालं, अशी ही नोकरी.

खाणं बरं आहे, भात लय देतात. आईनं पाठवलेला ठेचा संपला. अर्धा सेवादासनंच संपवला. कामरगावचा तो, ज्यानं मले अथी लावून देलं.

त्याचंच सांगाचं होतं. त्याची तब्येत आता बरी आहे. स्नेहाले मी फोनवर त्याले ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. पुढचं आईसमोर मोठ्यानं वाचू नका.

गॅसचा पाइप जिथं जमिनीत शिरते, तथी सिमेंटचा खड्डा आहे, पुरुषभरापेक्षा खोल. मागच्या सोमवारी सेवादासचा पाना त्यात पडला. मीटर दोरीनं खाली सोडून पाह्यल्याशिवाय कोणी उतराचं नाई, असा नियम. मीटर माझ्याजवळ होतं, मी सायकल लावूनच राह्यलो होतो. म्हणलं, "थांब लेका, मीटर सोडतो."

तो म्हणे, "तुयं मीटर येईपर्यंत माया पाना म्हातारा होईन." अन् उतरला. पाना उचलाले वाकला तो उठलाच नाई. वास नाई, धूर नाई, आवाज नाई. खड्डा जसाच्या तसा.

बाबा, माझा एक पाय शिडीवर होता.

तो मी काढून घेतला. भोंगा वाजवला, हवेचा पंखा लावून त्याची नळी खाली सोडली अन् काठावर उभा राह्यलो. एक ड्रायव्हर पळत आला, उतराले लागला, त्याले कमरेतून धरलं. तो ओरडे, "दोस्त मर रहा है, खड़ा खड़ा देखता क्या है!" मी सोडलं नाई. आमच्या सुरक्षेवाल्या प्रियदर्शनी मॅडमचे लोक तोंडाले हवेचे मुखवटे लावून येईपर्यंत मी सेवादासच्या पाठीकडे पाहत होतो. शर्ट हलते का नाई, तेवढंच.

त्याले जिता वर काढला. आता दवाखान्यातून आला तर नर्सचीच नक्कल करून दाखवते. गॅस कोळशातून आला नव्हता, वरच्या पाइपाचा जोड ढिला झाला होता. हवेपेक्षा जड असते तो, खड्ड्यात बसून राह्यला. मॅडम म्हणाल्या, तू उतरला असता तर दोघाइले काढावं लागलं असतं. सगळे माझी पाठ थोपटत होते अन् मले तुमचं मनगट दिसून राह्यलं होतं.

जगदेव काका गाळ काढाले विहिरीत उतरला अन् खालीच बसला, मी त्याच्यामागं उतराले धावलो, तवा तुमी मले काठावर पाडून माझ्या छातीवर बसले होते. मी तुमच्या मनगटाले चावलो. रक्त निघालं तरी तुमी उठले नाई. काकाच्या पुण्यानुमोदनाले मी सगळ्याइसमोर म्हणलो का बाबा भावाले मरताना पाहत राह्यले. पंचफुला काकी स्वतः मले गप बस म्हणाली. तुमी उठून गोठ्याकडे गेले. मले वाटलं, तुमाले बोलाले तोंडच नाई. त्याच महिन्यात मी घर सोडलं.

काठावर थांबाले किती जोर लागते, हे आता समजलं. अन् माझ्यामागं तर मुखवटेवाले येणार होते. तुमच्याजवळ काय होतं? सख्खा भाऊ खाली पडला होता, अन् तुमी तिकडे पाहतही नव्हते. तुमी माझ्याकडे पाहत होते. हे मले इतक्या वर्षांनी आठवलं.

मी आहे तो तुमच्यानं आहे. सेवादासही. त्याच्या मायनं फोनवर इचारलं का पोरा, हे शहाणपण तुले कोणी शिकवलं, तर मी तुमचं नाव सांगितलं.

उन्हाळ्यात येतो. बोलू नका काही, बसा तेवढे माझ्याजवळ.

तुमी धरून ठेवलेला,
अश्वजित

ता. क. आतापर्यंत पैसे आईच्या खात्यात टाकत होतो. या वेळेस मनीऑर्डर तुमच्या नावानं केली आहे. सही तुमीच करा. पाच हजार.