वालाच्या वेलाखालची बुटकी काठी

बा, तुझी ती बुटकी काठी वाळवीनं खाल्ली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. तू गेल्याला तीस वर्षांच्या वर झाली. एवढ्या वर्षांत मी केशोरीपासून पार अर्जुनीपर्यंतच्या लोकांच्या पाण्याच्या मोटारी उघडल्या, जळकी तार उपसून नवी भरली आणि गिऱ्हाइकाला सांगत आलो की भाऊ, दोष आत असते, वरून रंग देऊन भागत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र रंगाचा डबा काही हातातून सुटला नाही.

आज लिहायला बसलो ते तुझ्या नातीपायी. तू तिला पाहिलं नाहीस. आमगावच्या शाळेत शिकवते, आणि सुटीच्या दिवशी गळ घेऊन तळ्याकाठी बसते. मायनं, म्हणजे तिच्या मायबाईनं, स्वयंपाक शिकवला, पण हा नाद कुणी शिकवला नाही, रक्तातूनच आला असेल. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "बाबा, इटियाडोह धरणाच्या धक्क्याखाली मरळीसाठी रबरी बेडूक घुसवाचा हाय. काठी कोणती घेऊ, रीळ कोणतं घेऊ?"  धक्का म्हणजे तोच, रिकाम्या पिंपांवर तरंगणारा लाकडी धक्का, जिथं साहेब लोकांची पाहणीची बोट बांधलेली असायची आणि तू चौकीदार म्हणून बसायचास. ऊन तापलं की मरळ त्याच्या सावलीत जाऊन पडते. फळ्या आणि पाणी यांच्यात फटच मुळी वीतभर. वरून गळ सोडावा तर फळ्या आड येतात, लांबून उंच फेकावा तर धक्क्यावर आपटतो. एकच वाट, पाण्यालगत असा फेकायचा की चपट्या दगडासारखा टप्पे घेत घेत आत शिरला पाहिजे. त्या टप्प्यांना तू भाकरी म्हणायचास. "बाबू, बेडूक फेकाचा नाई, सरकवाचा. माय तव्यावर भाकर कशी सरकवते, तसा."

तुझं सामान माझ्या डोळ्यांपुढं अजून मांडलेलं आहे. बांबूची काठी, जेमतेम तुझ्या खांद्याला लागेल एवढी. बुड कडक, टोक नरम. सायकलच्या तारा वाकवून केलेल्या कड्या, त्यातून ओवलेली नायलॉनची दोरी. रीळ नाहीच. डाव्या हातात पावडरचा रिकामा डबा, दोरी त्याच्यावर गुंडाळलेली, आणि फेकलं की डब्याच्या तोंडावरून ती सुर्रकन सुटत जायची. बेडूक म्हणजे जुन्या स्लीपरचा तळवा कापून केलेला चपटा तुकडा, गळाचं टोक पाठीवर वर वळवलेलं, फळीत अडकू नये म्हणून. तू डोंग्यात, त्या चिंचोळ्या होडीत, मांडी घालून बसतोस, उजवा हात आडवा, पाण्याला जवळजवळ टेकलेला, आणि मनगटाचा एक झटका. एक भाकर, दोन, तीन, आणि बेडूक काळोखात गडप. मग तू काही करत नाहीस. नुसता थांबतोस. मी विचारतो, "काऊन थांबून राहिला?" तू म्हणतोस, "तिले वाटू दे, का थो आपल्या पायानं आला म्हणून."

काठी एवढी बुटकी का, हेही मी विचारलं होतं. तू सांगितलंही होतंस, "बसून हात लांब केला का टोक पाण्याले नाई लागलं पायजे. थेच तिचं माप." मी ऐकलं आणि सोडून दिलं. सांगणारा बाप असला की कान असेच असतात.

मग मी गोंदियाला मोटारी भरायचं काम शिकायला गेलो. चार इंग्रजी शब्द आणि हिंदीचा तोरा घेऊन त्या दिवाळीला घरी आलो, ते तुझ्यासाठी काठी आणि रीळ घेऊन. नऊ फुटांची, दोन तुकड्यांत, चकचकीत. खरं सांगायचं तर मी काठी पाहिलीच नव्हती. मी रीळ पाहिलं होतं. आडवा ढोल, आत छर्रे, बोट लावलं की गुमान फिरत राहायचं, आवाज म्हणून नाही. मोटारीच्या माणसाला दुसरं काय आवडणार. दुकानात उभा राहून मी ते दहा वेळा फिरवलं आणि समजलो की माझ्या बापासाठी यापेक्षा बरी वस्तू नाही. डोंग्यात बसून पाहायचं सुचलं नाही. तुझ्यासोबत डोंग्यात बसणं मी केव्हाच सोडलं होतं.

अंगणात शेजारचे काका येऊन बसले होते. त्यांनी रीळ फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "वा गा, आता तं मरळ सोताच चालत येऊन दारात उभी राहील." सगळे हसले. तूही हसलास. काठी हातात घेऊन तिचं टोक हलवून पाहिलंस, मग माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "चांगली हाय." त्यावर मी काय बोललो ते तुला आठवत असेल तर विसर बा. मी म्हणालो, "मंग ते जुनं लाकूड फेकून दे आता. लेकराच्या खेळण्यासारखं दिसते." काका पुन्हा हसले. या खेपेस तू हसला नाहीस.

दुसऱ्या दिवशी मायनं सांदवाडीतून हाक मारली. घरामागच्या त्या एवढ्याशा बागेत वालाचा वेल जमिनीवर लोळत होता. "एखादी काठी रोव रे बाबू, शेंगा मातीत जाऊन राहिल्या." पडवीत टेकवलेली तुझी काठी हाताला लागली. कड्या उपटल्या आणि रोवली. खरंच मनात काही खोट नव्हती. नवी आली, जुनी वेलाला गेली, एवढंच. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते खरं आहे की घोकलेलं, मलाच कळत नाही.

तो हिवाळाभर तू माझी काठी घेऊन गेलास. सुटीवर आलो की मी दुरून पाहायचो. डोंग्यात बसून नऊ फुटांचं लांबडं आडवं करायला गेलास की टोक पाण्यात बुडायचं. उभा राहिलास की डोंगा डुलायचा, आणि उंचावरून फेकलेला बेडूक धक्क्यावर आपटायचा. कधी नेमका गेलाच, तर पहिल्या भाकरीला तो थबकायचा आणि माझा तो लाडका ढोल गरगर फिरतच राहायचा. त्याला काय माहीत पुढचा गडी थांबला म्हणून. दोरीचा असा गुंता व्हायचा की सुगरणीचं घरटं बरं. तू डोंग्यात खाली मान घालून तो सोडवत बसायचास. घरी आलास की माय म्हणायची, "मसाला वाटून ठेवला. आता का रीळ शिजवू?" तू म्हणायचास, "मरळच कमी झाली यंदा." एकदाही तुझ्या तोंडून काठीचं नाव निघालं नाही.

होळीच्या सुमारास मी आलो होतो. काका बसले होते, चहा चालला होता. तू सहज, चहात पाहत विचारलंस, "बाबू, माही जुनी काठी कुठी हाय गा?" बा, तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते. सांदवाडी वीस पावलांवर होती. उठून काढून आणून दिली असती तर झालं असतं. पण काकांच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं, आणि माझ्या रिळाची लाज जाईल असं वाटलं. मी म्हणालो, "थे का? थिले वाळवी लागली होती. चुलीत टाकली." तू कप खाली ठेवलास. "बरं," म्हणालास. एवढंच.

त्यानंतर तू नवी बुटकी काठी कापली नाहीस. बांबू काही गावात कमी नव्हते. मी लांब राहायचो, मला कळलंही नसतं. पण कापली नाहीस. माझ्या काठीला गांडूळ लावायचास आणि डोंग्यातून सरळ खाली सोडून बसायचास, जे मिळेल ते. भाकरी तू पुन्हा टाकल्या नाहीत.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि तू गेलास. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि माय म्हणाली की सांदवाडीतला वाळलेला वेल काढून टाक. मी वेलाला हात घातला, तो काही सुटेना. पाहतो तर वेल काठीला बांधलेला होता. बुडाशी, मधात, टोकाशी. नायलॉनच्या दोरीनं. आणि गाठ तुझी होती. गळाला मारायचास ती, पाच वेढ्यांची, थुंकी लावून आवळलेली. मायला ती येत नव्हती, मला येत नव्हती, गावात कुणाला येत नव्हती. काही गाठी पिवळ्या पडलेल्या होत्या, मागच्या सालच्या. काही नव्या होत्या.

म्हणजे तुला माहीत होतं. कदाचित विचारलंस त्या दिवशीही माहीत होतं. उपटून आणली असतीस तर मी चारचौघांत खोटा पडलो असतो, म्हणून तू तिला वेलाच्याच कामाला लावलीस आणि वर बांधून घट्ट केलीस.  आणि मी त्या खोट्याहून वाईट काम केलं. मायनं गाठी ओळखल्या तर काय सांगू, या भीतीनं ती काठी वेलासकट न्हाणीच्या चुलीत घातली. नायलॉन जळल्याचा वास घरभर झाला. माय आतून म्हणाली, "काय जळून राहिलं गा?" मी म्हणालो, "काही नाई, वेल." असं करून माझं खोटं मी खरं केलं. काठी चुलीत गेली, दीड वर्ष उशिरा.

आता नातीचं सांगतो. फोनवर तिला म्हटलं, एकटी जाऊ नको, मी येतो. तिला घेऊन गोंदियाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सात फुटांच्या काठ्या समोर मांडल्या. मी म्हटलं, "इससे छोटी." तो म्हणाला, "अंकल, इससे छोटी आजकल कौन लेता है?" मी म्हटलं, "बैठ के फेंकना है." तो म्हणतो, "मछली पकड़नी है कि सब्जी बेचनी है?" पोरगी हसली. मी तिला तिथल्या बुटक्या स्टुलावर बसवलं, एकेक काठी हातात दिली आणि हात आडवा लांब करायला लावला. टोक फरशीला लागलं की बाजूला. बुडाची मूठ लांब असली आणि कोपराला टोचली की तीही बाजूला. टोक नरम, पण मधात वाकत नाही, अशी सहा फुटांना जरा कमी भरणारी एक राहिली. रिळाची पाळी आली तेव्हा दुकानदारानं आडव्या ढोलाचंच पुढं केलं, माझंच जुनं, आता कितीतरी देखणं झालेलं. मी बोट लावून फिरवलं. गुमान फिरत राहिलं. परत ठेवलं आणि दुसरं मागितलं, ज्याचा ढोल फेकताना फिरत नाही, दोरी नुसती त्याच्या तोंडावरून सुटते. बेडूक थबकला की दोरीही थबकते, गुंता नाही. हातात घेतलं आणि कळलं, हा तुझा पावडरचा डबाच आहे, त्याला मूठ बसवली आहे एवढंच. तीस वर्षं मोटारीत तार भरणाऱ्या माणसाला हे आता कळलं. पोरगी म्हणाली, "बाबा, तुमाले हे कोणं शिकवलं?" मी म्हटलं, "तुह्या आबानं." तेवढं तरी खरं बोललो.

काल रविवारी आम्ही धरणावर गेलो. ओळखीच्या ढिवराचा डोंगा मागून घेतला आणि मीही आत बसलो, तुझ्या जागेवर नाही, पुढं. पोरगी मांडी घालून बसली. पहिला बेडूक बुडाला, दुसरा फळीवर आपटला. मी म्हटलं, "फेकू नको पोरी, सरकव." तिसऱ्या वेळी तिचं मनगट तुझ्यासारखं फिरलं. एक भाकर, दोन, तीन, आणि गडप. ती थांबली. कुणी न सांगता थांबली. मासा काही लागला नाही, पण ती अशी खूश झाली की विचारू नको. आणि त्या खुशीतच पाण्याकडं पाहत म्हणाली, "बाबा, आबाची काठी कुठी हाय? मायबाई सांगे, लय बुटकी होती म्हणून."

धक्का समोर होता. काका नव्हते, हसणारं कुणी नव्हतं. लाज जावी असं कोणाचं रीळही नव्हतं. मी म्हणालो, "वाळवीनं खाल्ली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग दोरी गुंडाळत म्हणाली, "बरं."

बा, तुझाच तो आवाज. तिच्या आजीनं तिला आणखी काय काय सांगून ठेवलंय, मला माहीत नाही. न्हाणीच्या चुलीत काय जळत होतं ते मायला त्याच दिवशी कळलं असेल, असं आता वाटतं. तुझ्याकडं हे पत्र पोचायचं नाही, ते मला समजतं. वाचायचं असेल तर तिनंच वाचायला पाहिजे. म्हणून सकाळी पहिली पानं घडी करून तिच्या नव्या रिळाच्या खोक्यात ठेवली होती. ती आमगावला निघाली, पिशवी भरायला लागली, तेव्हा मी म्हटलं, थांब पोरी, खोकं मी बांधून देतो. बांधून दिलं. पानं माझ्या सदऱ्याच्या खिशात आहेत, आणि खोक्याला मारलेली गाठ साधीच आहे, तुझी नाही.