मेढीपुरती माती

प्रिय प्राप्ती,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. वालाला शेंगा लागल्यात, परेश दर रविवारी मित्रांना घेऊन शेंगांची पोपटी लावतो आणि मडकी मला घासायला ठेवतो. फोनवर मी लग्नाचा विषय काढला की तू "आई, ड्युटीवर आहे" म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. दिवाळीत तू विपुलचं सांगितलंस, तेव्हा तुझे बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. उठले, आणि दारात नीट उभा असलेला ट्रक उगाच मागेपुढे करत राहिले. मग तू नाशिकला परत जाऊन कळवलंस की कोर्टात सह्या करणार, मांडव नको, हळद नको, कुणाला त्रास नको. तेव्हा मी गप्प राहिले. आजही आधी दुसरंच सांगणार आहे, आपल्या दारातल्या रस्त्याचं.

फाटकापासून ओटीपर्यंतची आपली वाट तुला आठवते तशी आता राहिलेली नाही. तू लहान होतीस तेव्हा दसऱ्यानंतर आपण सगळे मिळून खळं करायचो. माती भिजवायची, चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. तू सारवलेल्या जागेवर मुद्दाम पाऊल उमटवायचीस आणि कोंबडीवर नाव घालायचीस. आता भात शेतातच मशीनने झोडलं जातं, खळ्यात ट्रक उभा असतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या चाकांनी असे चर पाडले की परेशची नवी गाडी पोटावर बसली. आपल्याच दारात आपल्याच ट्रकने आपलीच गाडी ओढून काढायची वेळ आली. शेजारचा धर्मा कुंपणावरून तुझ्या बाबांना म्हणाला, "हिरामण, पलीकडं जायला होडी लावू काय रं?" त्याच दिवशी ठरलं, पाऊस गेला की रस्ता पक्का करायचा.

पण कशाचा, यावर घरात इतकी चर्चा झाली की तेवढ्यात तो झालाही असता. परेशला काँक्रीट हवं होतं, किहीमच्या बंगल्यांत असतं तसं, वर दगडाचा ठसा उमटवलेलं. "एकदा ओतलं की आयुष्यभर बघायला नको," हे त्याचं पालुपद. धर्माच्या ओळखीचा कुणी सडकेचं डांबर टाकून देणार होता, पण उन्हाळ्यात ते चपलेला धरतं आणि चप्पल घरात येते, तेव्हा ते मीच उडवून लावलं. खडी टाकू म्हटलं तर ती ट्रकच्या चाकाखालून उडून ओटीवर येते. माझं मन जांभ्यावर होतं. तांबडा चिरा, कडेला अबोली, डोळ्यांना कसं थंड वाटतं. तुझे बाबा सगळ्यांचं ऐकायचे आणि म्हणायचे, "बघू." हे त्यांचं 'बघू' तुला माहीत आहे. त्याच्यावर आपलं अर्धं आयुष्य गेलं.

काँक्रीटवरून आठवलं. धर्माच्या चिरागचं लग्न झालं तेव्हा तुला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्यांच्या मांडवाच्या मेढीची गंमत तुला कुणी सांगितली की नाही कोण जाणे. धर्माने लग्नाआधी हौसेने सगळं अंगण काँक्रीटचं करून घेतलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, बोट घालायला माती ठेवली नाही. मांडवाच्या दिवशी वाजतगाजत उंबराची फांदी दारात आली आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मेढ रोवायची कुठे? शेवटी रंगाचा रिकामा डबा शोधला, त्यात वाळू भरली आणि त्यात मेढ उभी केली. लग्नाचे धवले गायला वेणूबाई आली होती. आता तिला दिसतं कमी, पण तिने मेढीला हात लावला, मग डबा चाचपला आणि खाली बसली. म्हणाली, "ही मेढ हाय का दुकानातली झाडू? मातीत रोवा, मंग माझं तोंड उघडंल." कुणाचं ऐकेना. बायका हळद घेऊन ताटकळल्या, बँडवाले चहा प्यायला गेले. धर्माने पहार आणून स्वतःच्या नव्या कोऱ्या अंगणात भोक पाडलं, तेव्हा कुठे वेणूबाईचा आवाज लागला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते तुझे बाबा. हसून हसून खोकला आला, मी पाठ चोळली.

असो. पौषात एक दिवस ते म्हणाले, माणगावला माल टाकायचा आहे, तिथे फरसबंदीचे ब्लॉक मिळतात तेही बघून येतो. सकाळी गेले ते दिवेलागणीला परत आले. ट्रकमध्ये मागे गोणपाटात गुंडाळलेली सुपारीची दोन रोपं होती. मी विचारलं, ही कुठली? तर म्हणाले, "दिली एकानं." आणि हातपाय धुता धुता माझ्या जांभ्याचा निकाल लावला. "जांभा न्हाय घालायचा. शेवाळ धरतं, मानूस पडतं. ब्लॉक घालू." परेश वैतागला. म्हणाला, "बाबा, ब्लॉक दर दोन-तीन वर्षांनी खालीवर होतात. परत उचला, परत बसवा." त्यावर ते म्हणाले, "उचलता येतात ना? झालं तर मंग." ब्लॉकचा एवढा मोठा दोष यांना गुण कसा वाटला, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

काम सुरू झालं तशी यांनी ट्रकची भाडी सोडून दिली आणि दिवसभर गड्यांच्या डोक्यावर उभे राहिले. माती खणली, धुम्मसाने ठोकली, वर खडी, तिच्यावर क्रशरची बारीक भुकटी. पाणी विहिरीकडे वळावं म्हणून उतार यांनी बादली ओतून ओतून बघितला. करड्या ब्लॉकांत मधूनमधून तांबडे बसवले, ती माझी समजूत काढायला. सुपारीची रोपं फाटकाच्या दोन्ही बाजूंना लागली. सगळं ओटीपर्यंत आलं आणि पायरीच्या उजव्या हाताला यांनी गड्यांना थांबवलं. एक चौकोन मोकळा ठेवायला लावला. त्यातली खडी आणि भुकटी स्वतः उकरून काढली आणि शेतातली काळी माती आणून भरली. मला वाटलं, तुळशीसाठी. परेशला वाटलं, पाणी मुरायला. गडी म्हणाला, "शेठ, ब्लॉक कमी पडले काय? आणखी मागवतो." तुझे बाबा माती दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "माझी लेक हाय. तिची मेढ काय डब्यात रोवू?"

परेश नळ बंद करायला म्हणून विहिरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी आत जाऊन चहा ठेवला, त्यात साखर दोनदा पडली.

मग जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी ते माणगावहून परस्पर दिवेआगरला गेले होते. विपुलच्या घरी वाडीत पाहुणे ठेवतात हे तूच दिवाळीत बोलली होतीस, तेवढ्या खुणेवर घर विचारत गेले. नाव सांगितलं नाही. "किहीमकडचा हाय, अंगण करायचंय, तुमचा जांभा बघायला आलो," एवढंच. विपुलची आई उकिडवी बसून तोच जांभा घासत होती. तिने यांना पाय धुवायला पाणी दिलं, आवळ्याचं सरबत दिलं आणि सांगितलं, "जांभा नका हो घालू. दिसायला छान, पण पावसात मीच दोनदा आपटले. आता शेवाळ काढतेय, कारण सून यायची आहे. कोर्टात लग्न करतायत, तिच्या घरून कुणी येणार नाही म्हणे. मग पहिल्यांदा दारात येईल तेव्हा पोरीचा पाय तरी घसरायला नको." चक्रीवादळात त्यांची सगळी वाडी आडवी झाली होती. नव्याने लावलेल्या रोपांतली दोन तिने यांना निघताना दिली, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. हे सांगताना तुझ्या बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "नीरा, ती बाई अनोळखी सुनंसाठी दगूड घासतं, आन मी बाप असून ट्रक मागंपुढं करतंय."

तर आता पत्र का लिहिलं ते. सह्या करायच्या त्या कोर्टात कर, पण त्याआधी मांडव आपल्या दारात उभा राहू दे. बाकीच्या खांबांना हवे तिथले ब्लॉक उचलता येतात, त्यांचा तो गुण आता मला कळला. विपुलच्या आईला काही सांगू नकोस. ज्याला तिने रोपं दिली तो माणूस कोण, हे तिला इथे फाटकातच कळू दे, असा तुझ्या बाबांचा हट्ट आहे. वेणूबाईला मी विचारून ठेवलंय. तिने आधी मेढ डब्यात की मातीत, तेवढंच विचारलं. तो चौकोन सध्या कोंबड्या उकरतात, म्हणून यांनी त्यावर टोपली पालथी घातली आहे आणि जाता-येता ती उचलून बघतात, जणू खाली काही उगवणार आहे. फोन करायला मात्र धीर होत नाही त्यांना. मी लिहायला बसले तेव्हापासून दारात उभे आहेत. आत्ता एवढंच म्हणाले, "तिला इचार, उंबराची फांदी खाडीकडची आनू का देवळाकडची?" मला दोन्ही सारख्याच. उत्तर त्यांनाच फोन करून दे.

दारातल्या नव्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
तुझीच,
आई