ऐंशीवी स्लाइड

रविवार, ३ जून
आलो एकदाचे! मी, माझी सात वर्षांची चिमी आणि दोन बॅगा. घर हवेशीर, स्वयंपाकघराला ऐसपैस खिडकी. दोघांचंही हे दुसरं लग्न, त्यामुळे नखरे कुणाचेच नाहीत.

जेवणं झाल्यावर यांनी पडदे ओढले, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि प्रोजेक्टर लावला. ऐंशी स्लाइड, सगळ्या यांच्या पहिल्या बायकोच्या. पहिली समुद्रावर, पहिली होडीत, पहिली शिंकताना. दर रविवारी हा कार्यक्रम असतो म्हणे. मोबाइलमधल्या हजार फोटोंना या रंगांची सर नाही, हे म्हणाले. खरंच आहे. गेलेली बाई माझ्यापेक्षा टवटवीत दिसत होती.

एका स्लाइडवर फार वेळ थांबायचं नाही, दिव्यानं फिल्म जळते, हेही समजावलं. मागे एकदा वन्सं फोन घ्यायला उठल्या आणि सासूबाईंची स्लाइड तशीच राहिली. चेहऱ्याच्या जागी भोक पडलं. सासूबाई कधी गेल्या, मी विचारलं. त्याच दुपारी, वन्सं म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या.

१० जून
चिमी रमली. माझाही एक फोटो काढा म्हटलं, तर हे म्हणाले, हल्ली रीळ मिळत नाही. असो, पानात पडलं ते गोड मानायचं. चिमीची वेणी घालताना वन्सं म्हणाल्या, पहिलीला लेकराची फार हौस होती, राहूनच गेलं.

आज विसाव्या स्लाइडमध्ये होडीमागे एक मूल दिसलं. मागच्या रविवारी नव्हतं.

१७ जून
तेच मूल, पण आता चाळिसाव्या स्लाइडमध्ये. पिवळा फ्रॉक, मीच शिवलेला. पहिलीनं तिचा हात धरलाय. विसावीत आता कुणीच नाही. यांना सांगितलं तर हसले. मेलेल्या सवतीचाही मत्सर करतेस, म्हणाले.

चिमी दोन घास खाऊन उठते. हाक मारली की ओ लांबून येते.

२४ जून
साठावी. पहिलीच्या मांडीवर बसून हसतेय. माझ्यापाशी अशी कधी हसली नाही. लिहिताना जिवाची आग होते, पण खरं आहे.

दर खेपेला दिवा मालवला की ती वीस स्लाइड पुढे सरकते. वीसच उरल्यात. उद्या तिला घेऊन निघते.

२५ जून
चिमी नाही. वन्सं म्हणाल्या, कोण चिमी? तू एकटीच तर आलीस. हेही तेच म्हणाले. फ्रॉक नाहीत, चपला नाहीत. बॅग एकच —

१ जुलै
दोघं बाहेर गेलीत. प्रोजेक्टर मीच लावला. ऐंशीवी.

चिमी. एकटी, भिंतभर. हसत नाही. माझ्याकडेच बघतेय.

यापुढे स्लाइड नाही, नुसता पांढरा उजेड. बटण दाबलं तर गेली. दिवा बंद केला तरी गेली. आणि थांबले तर — सासूबाई —

वास येतोय. गालावर तपकिरी डाग —

ओठ हलताहेत. आई, भाजतंय.

दाबते, बाळा. दाबते. एकदाच बघू दे, एकदा —