नोंदवहीतली बोटं

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. लहानपणी डावा हात पुढे केला की तू फटका द्यायचीस. आता त्याचीच मनधरणी चाललीय.

बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनने उजव्या हाताची तीन बोटं नेली, त्याला पाच महिने झाले. मशीनची जाळी तुटलेली होती, म्हणून वकीलबाईंनी मालकावर दावा लावलाय. पुढच्या वीस वर्षांची माझी कमाई बुडाली, तिची भरपाई मिळायलाच हवी, असं त्या म्हणतात.

तोवर सोबतचे चौघे जीव लावून सांभाळतायत. आम्हाला नगावर मजुरी. मी नुसती खळ लावतो. ते चौघे जेवणाच्या सुट्टीत जास्तीची पुस्तकं शिवतात आणि नोंदवहीत माझ्या नावावर लिहितात. कुणी आजारी पडलं की आमच्यात ही रीतच आहे. पगार पूर्वीइतकाच येतो, त्यामुळे हिलाही धीर आलाय.

तब्येतीला जप. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नावावर पुस्तकं लिहितात, हे वकीलबाईंना सांगितलंस का? तीस वर्षं शाळेच्या कचेरीत हजेरीपटच सांभाळलाय रे मी. कागदावर तू धडधाकट आहेस! उद्याच्या उद्या जा आणि सगळं सांग. दुसऱ्याची अडचण नको म्हणून स्वतः चटके सोसायची तुझी खोड या वेळी तरी आवर.

रागावले नाहीये, घाबरलेय. अक्षर मात्र माझ्यापेक्षा बरं आहे, मेल्या.

लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. खोट्या नोंदीला नोकरी जाते, चौघांच्या पोटावर पाय कसा देऊ?

कोर्टात मालकाच्या वकिलाने नोंदवही उघडली. अपघाताआधी महिन्याला सहाशे पुस्तकं, नंतरही सहाशे. ही तुम्हीच शिवली का, असं न्यायाधीशांनी विचारलं. माझ्यासाठी रजा टाकून आलेले चौघे मागच्या बाकावर बसले होते. मी हो म्हणालो. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

कमाईची क्षमता कमी झालेली नाही, असं म्हणून दावा फेटाळला. चौघांतला म्हातारा आत जाऊन खरं सांगायला निघाला होता. मीच त्याला धरून ठेवलं. बाहेर पायरीवर बसून तो लहान मुलासारखा रडला.

सोमवारी मालकाने बोलावून निकालाची प्रत पुढ्यात टाकली. कोर्टानेच धडधाकट ठरवलंय, तेव्हा खळ लावणं बंद, शिलाईला बसा, म्हणाले. नोंदी आता मुकादम स्वतः करतो. काल तो दिवसभर माझ्या पाठीशी उभा होता. चौघे माना खाली घालून आपापलं शिवत होते. अंगठा आणि एका बोटात सुई टिकत नाही गं, सारखी सुटते. संध्याकाळपर्यंत माझी चार पुस्तकं झाली.

महिनाअखेर सहाशे भरली नाहीत, तर कामचुकार म्हणून काढणार आहेत. हात चालत नाही, हे आता कुणाला सांगू? सांगायला जावं तर कोर्टाचा कागद आडवा येतो, आणि त्यात माझीच साक्ष आहे.

हिला अजून काही बोललो नाही. तू तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा