पहिली टाळी

बुडापेस्ट,
३ मार्च, मंगळवार

प्रिय ओर्शी,

तू घरी, पेच शहरात, सुखरूप पोचलीस हे झोम्बोरकडून कळलं. तुझ्या आईला नमस्कार सांग, आणि त्यांच्या हातांचे माझ्या वाट्याचे मुकेही तूच घे. त्यांनी पाठवलेले पोगाचे पाव तू गेल्यावर खोलीवर आले. मी एकटीने संपवले. जरा खारट होते, पण फुकट ते पौष्टिक.

इथली थंडी हटत नाही. हॉस्टेलचा हीटर पुन्हा बंद पडलाय. तुझ्या रिकाम्या खाटेवर मी धुतलेले कपडे टाकते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी अभिनंदन करून टाकते. तुझी पहिली जाहीर मैफल चांगली झाली. सुरुवातीला पियानोवर डावा हात जड पडत होता, आणि तो हिरवा झगा तुला शोभत नाही, त्यात तुझे खांदे हमालासारखे दिसतात. पण मैफल चांगली झाली. सगळे तसंच म्हणतात.

मी येणार नाही असं तुला वाटलं असेल. तुला वर बघताना मी पाहिलं, पण स्टेजवरच्या दिव्यांमुळे तुला गॅलरी दिसली नसणार. मी माझ्या नेहमीच्या जागी होते, कठड्यापाशी. मुलांनी सरकून जागा करून दिली. झोम्बोर म्हणाला, "या राणीसाहेब, तुमच्याशिवाय टाळी कोण सुरू करणार?" पहिला हात अजून माझाच आहे ना. खाली फर कोटवाल्या बायका आणि म्हातारे डॉक्टर बसतात. वादन खरंच कुठे संपलं याची त्यांना कधी खात्री नसते, म्हणून ते गॅलरीकडे कान लावून बसतात. माझी टाळी पडली की त्यांची पडते. मग मी ठेका धरते आणि सगळं सभागृह एका तालात लोखंडी टाळी वाजवायला लागतं. तुला हे नव्याने सांगायला नको. तीन वर्षं माझ्याच शेजारी बसून टाळ्या पिटल्यास.

लिहितेच आहे तर खरं सांगते. तू चुकावीस म्हणून मी आले होते. कुठेतरी अडखळशील, चार सूर विसरशील, घाम फुटेल, आणि ते मला डोळे भरून बघता येईल. मध्यंतरापर्यंत मी त्याच आशेवर तग धरून होते.

मग शेवटचा सोनाटा आला आणि त्यातला तो संथ भाग.

ओर्शी, तो भाग मी सगळा पानगळीचा मोसम आपल्या भिंतीला लागून असलेल्या सरावाच्या खोलीत घासला होता. तू पलंगावर पडून ऐकायचीस. परवा मी जिथे श्वास घेते तिथे तू श्वास घेतलास. मी जिथे डाव्या हाताला थांबवते तिथे तू थांबलीस. आणि वाईट म्हणजे फार सुंदर वाजवलंस. माझ्या शेजारी झोम्बोर रडत होता. मीही रडले असते, पण मी रागाने इतकी पेटले होते की डोळे कोरडेच राहिले.

ती मैफल माझी होती. शारोल्ताबाईंनी सगळ्या वर्गातून सप्टेंबरमध्ये माझं नाव दिलं होतं. नाताळाआधी माझं मनगट सुजलं, तेव्हा मी ते फक्त तुला सांगितलं. तू कोबीची पानं लाटण्याने चेचून माझ्या हातावर बांधलीस, वर आपला गळपट्टा गुंडाळलास आणि म्हणालीस, "बाईंना कळू देऊ नकोस, लगेच नाव काढतील. आठवड्यात बरं होईल." मी तुझ्या गळ्यात पडले होते. दुसऱ्याच दिवशी तू बाईंच्या दारात उभी! "बिचारीचा हात कामातून गेलाय हो, तिला सांगवत नाहीये." काळजीपोटी. किती गं काळजी तुला! केसाने गळा कापायचा आणि वर जखमेला पाला बांधायचा. मनगट खरंच आठवड्यात बरं झालं. तोवर छापलेल्या पत्रिकेवर तुझं नाव आलं होतं.

आता परवाचं. तो शेवटचा स्वर किती हळू संपतो तुला माहीत आहे. तुझी मान खाली होती, पाय पेडलवर, सूर तारांमध्ये विरत चाललेला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. वादकाला आयुष्यात अशी शांतता फार थोड्या वेळा मिळते. ती माझ्यासाठी ठेवलेली होती आणि तू तिच्यात बसली होतीस.

मी टाळी वाजवली.

एकच, कडक. तुझे खांदे उडाले, पाय सुटला, सूर कट्कन तुटला. खालच्या मंडळींना वाटलं गॅलरीने कौल दिला, संपलं. सगळे तुटून पडले. मग मी ठेका धरला, आणि तुला अशी दणदणीत लोखंडी टाळी मिळाली की उद्या कुणी म्हणू शकणार नाही तुझा मान राखला नाही. तू मात्र वाकून नमस्कार करताना पांढरीफटक होतीस. नंतर झोम्बोरला विचारलंस म्हणे, "कोण तो गाढव पर्यटक?" पर्यटक नव्हता गं.

माझ्या मते प्रकरण तिथेच संपलं होतं. फिटंफाट. पण लोक पांगत असताना बाई गॅलरीत चढून आल्या. त्यांचे गुडघे तुला ठाऊक आहेत. कठडा धरून दम खाल्ला आणि म्हणाल्या, "मनगट बरं झालं तुझं."

"हो, बाई."

"टाळीवरून कळलं. इतकी कोरडी टाळी वर्गात दुसऱ्या कुणाची नाही."

मी तुझं सगळं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "ती माझ्याकडे कशासाठी आली होती ते मला तेव्हाच कळलं. मी काय दूधखुळी आहे? मी वाट बघत होते की तू येऊन भांडशील, माझ्यासमोर बसून वाजवून दाखवशील. तू तोंड फुगवून बसलीस. रुसणारीला मी सभागृह देत नाही."

मग त्यांनी निकाल दिला. मे महिन्यातली मैफल माझी. शेवटी तोच सोनाटा. आणि त्या संध्याकाळी गॅलरीत कठड्यापाशी तू बसायचंस, पहिला हात तुझा. "हे तिला तू स्वतः कळव," त्या म्हणाल्या. "हाताने लिहून. मनगटाला व्यायाम."

तर कळवलं. त्यांनी सांगितलेलं एवढंच होतं, बाकीचं माझ्या पदरचं. माफी मागायला त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी मागत नाही. ती टाळी वाजवताना मला जे सुख झालं ते सगळ्या हिवाळ्यात झालं नव्हतं, आणि ते तुला कळावं म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं.

फक्त एक गोष्ट. कालपासून सरावाला बसले की शेवटच्या स्वरापाशी माझी मान आक्रसते. खोलीत कुणी नसतं, दार लावलेलं असतं, तरी मी आवाजाची वाट बघते. मेपर्यंत रोज असंच वाजवावं लागणार. हे तुला सांगू नये इतकं मला कळतं, पण तू वर बसशील तेव्हा तुला दिसणारच आहे.

तेव्हा ये. आजारी पडू नकोस, आईचं निमित्त सांगू नकोस. टाळी हवी तेव्हा वाजव. मी पेडलवरचा पाय उचलणार नाही.

तुझी वाट बघत असलेली,
एमेशे